हेतूचा आकडा

त्या सोमवारी चाचणीच्या ट्रॅकवर बारा माणसं होती, चार गाड्या, एक झेब्रा क्रॉसिंग, दोन बसथांबे (त्यातला एक पत्र्याचा, एक पुठ्ठ्याचा), अकरा कॅमेरे, रबराचे तीन पुतळे, जिच्यावर भाजी कधीच नसायची अशी भाजीची एक हातगाडी आणि एक कुत्रा. कुत्रा कंपनीने नेमलेला नव्हता. पण तो रोज यायचा आणि गाड्या त्याच्यासाठीही थांबायच्या, म्हणून मी त्यालाही मोजलं.

बारा माणसांपैकी एक माझे वडील, अण्णा होते.

मी शर्वरी वाळुंज. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि चाकणजवळच्या एका मोटार कंपनीत गुणवत्ता विभागात लागले. अण्णा त्याच कंपनीत सत्तावीस वर्षं वेल्डिंग करत होते. मग वेल्डिंगला यंत्रमानव आले आणि लाइनवरची तीनशे माणसं घरी गेली. त्यांतल्या बाराजणांना कंपनीने परत बोलावलं, ‘पादचारी’ म्हणून. ओळखपत्रावर हाच हुद्दा छापलेला होता. काम एकच, विनाचालक गाड्यांसमोरून दिवसभर रस्ता ओलांडायचा.

“सत्तावीस वर्षं गाड्या बनवल्या, आता गाड्यांच्या आडवं चालतो,” शिंगाडे काका म्हणायचे. ते अण्णांचे लाइनवरचे जोडीदार. “पगार तेवढाच हाय. सुटलेलं पोट तेवढं गेलं.”

गाडीचं नाव ‘सोबत’. आठ माणसं बसणारी, स्टिअरिंग नसलेली. तिचं मुख्य कौशल्य वेगात नव्हतं, अंदाजात होतं. रस्त्याकडेला उभा असलेला माणूस आता रस्त्यात उतरणार की नुसताच उभा राहणार, हे ती आधी ओळखायची. कॅमेऱ्याला माणूस दिसला की गाडीचा संगणक त्याच्या शरीरावरचे एकोणीस बिंदू पकडतो: खांदे, कोपर, गुडघे, टाचा, बोटांची टोकं. हे बिंदू कसे हलतात त्यावरून तो शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा काढतो. त्याला आम्ही हेतूचा आकडा म्हणायचो. आकडा शून्य पूर्णांक सात दशांशाच्या वर गेला की गाडी लांबूनच वेग कमी करते, ब्रेकचा धक्काही बसत नाही. आकडा खाली राहिला आणि तरी माणूस आडवा आलाच, तर गाडी अडथळा समजून ब्रेक लावते. लावते नक्की, पण शेवटच्या क्षणी. माणसापासून दीड मीटरच्या आत थांबली तर ती ‘उशिरा थांबली’, म्हणजे नापास, असं आम्ही धरायचो.

कुठल्या हालचालीचा अर्थ काय, हे संगणकाला कुणी सांगत नाही. त्याला हजारो वेळा रस्ता ओलांडणारी माणसं दाखवतात आणि कशाच्या मागून काय घडतं ते तो स्वतः जुळवतो. तो कारण शोधत नाही. जे दरवेळी जोडीने येतं, ते तो धरून ठेवतो.

अण्णा आणि बाकीचे अकराजण हे त्याचे शिक्षक होते.

माझ्यापुढचा गोंधळ असा होता. ट्रॅकवर चार हजार एकशे सोळा वेळा रस्ता ओलांडला गेला होता आणि गाडी एकदाही उशिरा थांबली नव्हती. बाहेर, तळेगाव-चाकण रस्त्यावर, चाचणीसाठी साठ गाड्या सोडल्या होत्या. तिथे रस्त्याकडेला दिसलेल्या दर हजार माणसांमागे सहा वेळा गाडी उशिरा थांबत होती. एका बाईचं मनगट मोडलं होतं. गाडी तीच, संगणक तोच, माणसंही त्याच पट्ट्यातली. बाजारात आणण्याआधीच्या गुणवत्ता अहवालावर सही मला करायची होती, आणि माझ्या हातात दोन खरे आकडे होते जे एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं.

मी एकेक शक्यता घेतली. धूळ असेल, म्हणून ट्रॅकवर पंख्याने धूळ उडवली. गाड्या थांबल्या. संध्याकाळचा तिरपा उजेड असेल, म्हणून सहाच्या उन्हात फेऱ्या घेतल्या. थांबल्या. छत्री, हेल्मेट, डोक्यावरून पदर. रबरी पुतळे दोरीने ओढले. पुतळ्यांसाठी तर गाड्या सगळ्यांत चांगल्या थांबल्या, कारण प्रमाणित परीक्षेत हेच पुतळे येतात आणि त्यांचं ते सरकणं गाड्यांना पाठ झालेलं होतं. शेवटी साडीची शंका आली. बारा जणांत येवले काकू एकट्याच बाई, आणि त्या ड्रेस घालायच्या. त्यांनी आणि शिंगाडे काकांनी साडी नेसून वीस-वीस फेऱ्या मारल्या.

“पोरी, शंभर टक्के थांबतीय,” पदर खोचत काका म्हणाले. “उलट जरा जास्तच लांब थांबली. लाजली असंल.”

“साडी सरळ करा आधी,” येवले काकू म्हणाल्या. “गाडी थांबली ती हसायला थांबली.”

साडीचाही दोष नव्हता. मी पुन्हा होते तिथेच आले.

रविवारी आम्ही तिघं बाजाराला गेलो. गावाच्या फाट्यावर रस्ता ओलांडायचा होता. अण्णा पुढे, आई दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन तीन पावलं मागे, मी आईच्या मागे फोनवर. डावीकडून एक ‘सोबत’ गाडी येत होती. अण्णा कडेला थांबले, निघाले, आणि गाडीने इतक्या लांबून वेग कमी केला की मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. अण्णा निम्म्या रस्त्यापलीकडे गेले. गाडी पुन्हा निघाली.

आई तोवर रस्त्यात उतरली होती.

ब्रेकचा आवाज आला. गाडी आईच्या उजव्या पिशवीपासून वीतभर अंतरावर थांबली. पिशवी आईच्या हातातून सुटली, टोमॅटो डांबरावर गेले. मी पिशवी उचलून आईला दिली आणि तिचा दंड धरला.

पलीकडे पोचल्यावर आईने पिशवी झटकली.

“बघितलंस? तुझ्या बापासाठी थांबते, माझ्यासाठी नाही,” ती म्हणाली. “गाडीसुद्धा ह्यांच्या घरच्यांसारखीच निघाली.”

“तू बघून यायचं ना,” अण्णा म्हणाले.

“बघूनच आले. तुमच्यासारखं रस्त्याला ओवाळून नाही आले एवढंच.”

“ओवाळून म्हणजे?” मी विचारलं.

“असं.” दोन्ही हात अडकलेले, म्हणून तिने हनुवटीनेच दाखवलं, उजवीकडे, डावीकडे, समोर. “कितीतरी वर्षं बघते आहे. आता तर स्वयंपाकघरात यायचं तरी उंबऱ्यावर करतात.”

“काय पण बोलते. मी काही करत नाही,” अण्णा म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

गाडी अण्णांना चेहऱ्याने ओळखते की काय, असं मला आधी वाटलं. पण चेहरे ती पुसूनच टाकते, कायद्यानेच तसं करावं लागतं. मग मी ट्रॅकवरच्या फेऱ्या पुन्हा पाहिल्या, हळू वेगाने, एकेक करून. बाराही माणसं तेच करत होती. कडेला क्षणभर थांबायचं, उजवं बोट उजवीकडे, मग डावीकडे, मग समोर, ओठांची बारीक हालचाल, आणि मग पाऊल.

हे मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणूनच मला ते दिसलं नव्हतं. कारखान्यात जिथून मालाच्या फोर्कलिफ्ट गाड्या जातात तिथे पिवळा पट्टा असतो. तो पट्टा ओलांडण्याआधी थांबायचं, तिन्ही दिशांना बोट दाखवायचं, ‘उजवी ठीक, डावी ठीक, समोर ठीक’ म्हणायचं, असा नियम जपानी भागीदार कंपनीने पूर्वीच लावून दिला होता. बोट दाखवलं की नजर तिकडे जातेच, नुसती मान वळवली तर ती जाईलच असं नाही. वर्षानुवर्षं दिवसातून साठ-सत्तर वेळा हे केल्यावर ते माणसाच्या चालीचाच भाग होतं. कंपनीने पादचारी निवडले ते सगळे लाइनवरचे. आणि गाडी शिकली की रस्ता ओलांडणारा माणूस आधी बोट दाखवतो. जो दाखवत नाही, तो नुसता उभा आहे.

मी अण्णांच्या एका फेरीतून कोपर आणि बोटांचे बिंदू संगणकावर पुसून टाकले. हेतूचा आकडा शून्य पूर्णांक चौऱ्याण्णववरून शून्य पूर्णांक बावीसवर आला.

गुणवत्ता विभागाचे प्रमुख तुळपुळे सर. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग चष्मा काढून पुसला.

“छान सापडलं,” ते म्हणाले. “मग लोकांना बोट दाखवायला शिकवू.”

मला वाटलं ते थट्टा करताहेत.

“थट्टा नाही. जे बोट दाखवतात त्यांच्या बाबतीत उशिरा थांबण्याचं प्रमाण किती?”

“शून्य.”

“आणि रस्त्यावर मान वर न करता चालणारी माणसं किती? शाळांमधून सुरुवात करू. मुलं घरी जाऊन आईबापांना शिकवतील. गाडी नसली तरी सवय चांगलीच आहे.”

“पण सर, गाडीसाठी लोकांनी बदलायचं?”

“लाल दिव्याला थांबायचं हे तुला जन्मतः माहीत होतं का? कुणीतरी शिकवलंच की.”

मी सही नसलेला अहवाल पुढ्यात ओढला.

“गाडी नापास करायची असेल तर कर,” सर पुढे म्हणाले. “सही तुझी आहे, मी अडवणार नाही. पण मग शिकवणी पहिल्यापासून. आणि या वेळी माणसं घेणार नाहीत. संगणकातच तयार केलेले पादचारी वापरतील, लाखांनी. हरतऱ्हेचे, कुबडीवाले, पळणारे, पडणारे. त्यांना सवयी नसतात.”

“आणि आपले बारा?”

“बाराजण नेमले ते शिकवायलाच ना?” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “शिवाय पुरावा हवा. संगणकावर हात पुसले म्हणजे मोजमाप झालं नाही. पुतळ्यांपुढे तर गाडी उत्तम पास होतेय. जिवंत माणूस बोट न दाखवता चालला आणि गाडी कुठे थांबली, तो एक आकडा आण. आणि ट्रॅकवर नेमलेल्या पादचाऱ्यांशिवाय कुणी चालायचं नाही, विम्याचा नियम आहे.”

म्हणजे ज्यांची नोकरी जाणार, त्यांनीच ती घालवणारा आकडा द्यायचा होता.

मी अण्णांना घरी सांगितलं. ते ताटावर होते. हातातली भाकरी त्यांनी खाली ठेवली.

“म्हणजे आमची सवय वाईट?”

“वाईट नाही अण्णा. फक्त तुमचीच आहे.”

“हा नियम यायच्या आधी आमच्या लाइनवरच्या पवारचा पाय गेला फोर्कलिफ्टखाली. नियम आल्यावर एकाचं नखसुद्धा गेलं नाही. साहेब बरोबर बोलतो. शिकवा लोकांना. मी शिकवतो, हव्या तेवढ्या शाळांत जातो.”

त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता येईना. सरांच्याही आली नव्हती. दोघांचं ऐकताना दोघं बरोबर वाटत होते, आणि रस्त्यावर पसरलेले टोमॅटो आठवले की दोघंही चूक वाटत होते.

“माझे हात भरलेले असले तर बोट कुठून काढू?” आई म्हणाली. ती शेगडीकडे तोंड करून होती. “कडेवर पोर असलं तर? म्हाताऱ्याचा खांदाच धरलेला असला तर?”

“त्यांनी जरा थांबायचं.”

“किती वेळ? गाडीला समजेपर्यंत?”

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग त्यांनी मला विचारलं, “पास केलीस तर किती गाड्या येणार?”

“पहिल्या वर्षी चाळीस हजार.”

“आणि नापास केलीस तर आम्ही घरी.”

“हो.”

“तुला काय वाटतं?”

“मला कळत नाही, अण्णा.”

“एवढी शिकलीस आणि कळत नाही,” ते म्हणाले, पण त्यात टोमणा नव्हता. त्यांनी ताट सरकवलं. “मलाही कळंना झालंय. मग मोजून तरी बघू. आकडा चांगला आला तर प्रश्नच मिटला.”

बुधवारी दुपारी ट्रॅक रिकामा करून घेतला; शिंगाडे काका आणि येवले काकू तेवढे कठड्यावर बसले. एकच गाडी, आत कुणी नाही, वेग ताशी वीस किलोमीटर. माझ्या हातात लाल बटण होतं. ते दाबलं की गाडी जागच्या जागी अडते, कारण तिची चाकंच बाहेरून, तिच्या संगणकाला न विचारता, जखडली जातात. पण बटण दाबलं की फेरी रद्द. मग थांबण्याचा निर्णय गाडीचा उरत नाही, माझा होतो.

पहिली फेरी. अण्णांनी दोन्ही हात खिशात घातले. कडेला आले, थांबले, आणि उजवा हात खिशातून आपोआप बाहेर आला. गाडी चार मीटरवर थांबली.

“केलं का मी?” अण्णांनी विचारलं.

“केलंत,” शिंगाडे काका कठड्यावरून ओरडले. “व्यवस्थित केलंत. साहेब असता तर बक्षीस दिलं असतं.”

दुसऱ्या फेरीला पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार खांद्यावर घेतला, दोन्ही हातांनी धरून. कडेला येताच ते थांबले आणि जारसकट सगळं शरीर उजवीकडे वळलं, मग डावीकडे. गाडीला तेही पुरलं. अडीच मीटर.

“डोक्यात हिशोब चालू राहतोय,” अण्णा जार खाली ठेवत म्हणाले. घाम पुसताना ते पहिल्यांदाच वैतागलेले दिसले. “मला साधं चालताच येत नाही की काय?”

शिंगाडे काका पुढे झाले. “मी चालतो.”

“तू तर झोपेतपण बोट दाखवतोस.”

अण्णांनी खिशातून फोन काढला, आईला लावला, स्पीकर चालू करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि जार पुन्हा खांद्यावर घेतला. तिसरी फेरी. खिशातून आईचा आवाज येत होता, गॅसवाला येऊन गेला म्हणून. अण्णा काहीतरी उत्तर देत कडेला आले आणि या वेळी ते थांबले नाहीत. त्यांचा पाय रस्त्यात पडला. पडद्यावर हेतूचा आकडा शून्य पूर्णांक बावीसवर होता. गाडीचा वेग कमी होत नव्हता.

मी बटण दाबलं.

गाडी चीत्कारत थांबली, सहा मीटरवर. फेरी रद्द.

अण्णांनी जार खाली ठेवला आणि माझ्याकडे चालत आले. मला वाटलं ओरडतील.

“भीती वाटली?”

“हो.”

“गाडी शेवटी ब्रेक लावते म्हणालीस ना?”

“लावते. पण किती आधी, ते माहीत नाही. तेच तर मोजायचंय.”

“मग मोज. तू बटण दाबलंस तर मी उद्यापण चालणार, परवापण. फुकट चालणार.” त्यांनी माझ्या हातातल्या बटणाकडे पाहिलं. “ते खाली ठेव असं म्हणत नाही. हातात राहू दे. पण गाडीला तिचं ठरवू दे.”

“अण्णा, आकडा वाईट आला तर तुम्ही सगळे—”

“आम्हा बारांचं काल बोलणं झालंय,” ते म्हणाले. “येवलेबाई नको म्हणाल्या. बाकीचे अर्धे गप्प बसले. पण त्यांनीपण नको असं नाही म्हटलं.”

मी काका आणि काकूंकडे पाहिलं. शिंगाडे काका जमिनीकडे पाहत होते. येवले काकूंनी ओढणी डोक्यावर घेतली होती आणि त्या गाडीकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही.

चौथी फेरी. गाडी सुरुवातीच्या रेषेवर गेली. अण्णांनी जार उचलला, फोन पुन्हा लावला.

“आता काय राहिलं?” आईचा आवाज आला.

“काय नाय. आज आमटीत मीठ होतं का?”

“का? कुणी नाव ठेवलं?”

“नाव नाय ठेवलं. डबा उघडल्यावर शिंगाड्या म्हणाला, वहिनींनी पाण्यालाच फोडणी दिली.”

“त्यांना म्हणावं, आधी स्वतःच्या घरून डबा आणा. रोज तुमचा निम्मा खातात आणि वर मीठ मोजतात.”

“ते मी म्हटलं. पण खरंच कमी होतं.”

“सत्तावीस वर्षांत एकदा तरी बरोबर होतं का, तेवढं सांगा.”

अण्णा हसले. हसता हसता त्यांची मान जारच्या बाजूला कलली आणि ते, आयुष्यभर रस्ते ओलांडणाऱ्या कुठल्याही माणसासारखे, बोलत बोलत रस्त्यात उतरले. त्यांनी थांबून पाहिलं नाही. माझा अंगठा बटणावर होता. पडद्यावरचा आकडा शून्य पूर्णांक एकोणीस. गाडी चालतच होती, मग ब्रेकचा आवाज आला, तिचं नाक खाली झुकलं, आणि जारमधलं पाणी जोरात हिंदकळलं.

“कसला आवाज आला?” आईने विचारलं.

“गाडी थांबली,” अण्णा म्हणाले. ते जागचे हलले नव्हते. “फोन ठेव, पोरगी मोजतीय.”

मी टेप घेऊन गेले. शिंगाडे काकांनी एक टोक बंपरला धरलं, मी दुसरं अण्णांच्या गुडघ्याला लावलं. दोनदा मोजलं.

फेरी चौथी. वेग ताशी वीस किलोमीटर. पादचाऱ्याने बोट दाखवलं नाही. बटण दाबलं नाही. आवश्यक अंतर दीडशे सेंटिमीटर. प्रत्यक्ष अंतर एकतीस सेंटिमीटर.